मनमिळाऊ सोडून

गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेल्या गुरुजीला शिकवण्याखेरीज बरंच काही लिहावं लागतं. बँकेचा अर्ज, लग्नपत्रिकेचा मसुदा, रोजगार हमीची मजुरी थकल्याची तक्रार, आणि कोणी गेलं की वर्तमानपत्राला पाठवायची निधनवार्ता. नोकरीच्या काळात मी अशा किती निधनवार्ता लिहिल्या त्याचा हिशेब नाही, पण एक शब्द जवळपास प्रत्येकीत होता: मनमिळाऊ. ‘ते मनमिळाऊ स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे.’ हात आपोआप चालायचा. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाला कोर्टात खेचलेला माणूसही माझ्या हातून मनमिळाऊ होऊन जायचा.

ब्रह्मपुरीकडच्या एका गावी असताना असाच एक कागद लिहून मी घरच्या मंडळींना वाचून दाखवला. ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीने, म्हणजे गेलेल्या माणसाच्या बायकोने, मान वर केली. “हे कोनाचं लिवलं जी गुरुजी? आमचा बुढा कवा होता मनमिराऊ? हेकट होता तो. पर उधार आनलेला पैसा सांजच्या आत देल्याबिगर जेवे नाही.”

बातमी छापून आली ती ‘मनमिळाऊ’ घेऊनच. ‘हेकट, परंतु उधारी त्याच दिवशी फेडणारे’ असं कोण छापणार? पण त्या बाईने दोन वाक्यांत नवरा उभा केला होता आणि मी, मराठीचा पदवीधर, चार ओळींत त्याला पुसून टाकला होता. या शब्दसंग्रहाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा आठवली ती तीच ओसरी.

हा संग्रह चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या काही शिक्षकांनी केला आहे. माणसाचं वर्णन करणारी विशेषणं, एवढाच त्याचा विषय. झाडांची, पिकांची, गावांची विशेषणं त्यात नाहीत. विषय लहान वाटतो. मलाही वाटला होता. पण आमच्या या दोन जिल्ह्यांना विशेषणांनी जेवढं छळलं आहे तेवढं क्वचितच कोणत्या मुलखाला छळलं असेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि जन्मतःच त्याच्या नावामागे शेपूट लागलं: दुर्गम, मागास, आदिवासीबहुल, नक्षलग्रस्त. पुढे ‘दुर्गम’ही अपुरा वाटला, म्हणून ‘अतिदुर्गम’ आला. पाऊण जिल्हा जंगल असेल तर वाटा अवघड असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की जिल्ह्याची ही विशेषणं हळूहळू माणसांना चिकटली. इथे बदली झालेल्या कर्मचाऱ्याबद्दल जेवढी हळहळ होते तेवढी तुरुंगात गेलेल्याबद्दलही होत नसेल. आणि इथल्या लोकांबद्दल पुण्या-मुंबईचा पाहुणा दोन दिवस राहून सांगतो, ‘फार भोळीभाबडी माणसं हो!’

‘भोळा’ हा शब्द जरा उलटून पाहावा. ज्याला डावपेच सुचत नाहीत तो भोळा. ज्याला सुचतात पण जो करत नाही तो सरळ. एकदा ठरवलेली वाट जो सोडत नाही तो सरळमार्गी. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही तो भिडस्त. ज्याला समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक नाही तो अनभिज्ञ. त्याला कुणी ते समजावून सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा दोष. पाच माणसं, पाच शब्द. आम्ही पाचांनाही भोळा म्हणून मोकळे होतो, कारण भोळ्याला फसवलं की दोष त्याच्या भोळेपणाचा ठरतो. अनभिज्ञाला फसवलं तर मात्र फसवणाऱ्याचं नाव विचारावं लागतं.

माझं स्वतःचं एक पाप इथे सांगून टाकतो. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं आणि संकलित म्हणजे सत्राअखेरचं अशा दोन वाटण्या झाल्या, पहिली-दुसरीला आकारिकचे ७० टक्के आणि संकलितचे ३०, पुढे वर्ग चढेल तसं हे प्रमाण उलटत जाणारं. गुणांबरोबर प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहिणं आलं: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. मुलाकडे वर्षभर पाहा आणि काय दिसलं ते शब्दांत लिहा. पण एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर नाना तऱ्हेची ऑनलाइन माहिती भरायची. थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या याद्या एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याच्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘वर्गात नेहमी उत्साही असतो.’ ‘नीटनेटका राहतो.’ ‘इतरांना सहकार्य करतो.’ अनुक्रमांकाप्रमाणे उतरवत जायचं. निधनवार्तेतला मनमिळाऊ आता शाळेत आला आणि सात वर्षांच्या पोराच्या प्रगतिपत्रकावर बसला.

तेव्हा मी भामरागड तालुक्यात होतो. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या जिथे भेटतात त्या बाजूला. चौथीत एक माडिया मुलगा होता. वर्षभर वर्गात तो बोलला असेल तर ‘हजर’ एवढंच. एप्रिलात द्वितीय सत्राच्या नोंदी लिहिताना मी त्याच्यापुढे लिहिलं: अबोल, बुजरा, एकलकोंडा. तीन विशेषणं लिहिली म्हणून स्वतःवर खूशही झालो. यादीत एकच होतं.

त्याच आठवड्यात बाजारात तो दिसला. बाप चारोळीची पिशवी पुढ्यात घेऊन उकिडवा बसलेला. व्यापारी सिरोंच्याच्या बाजूचा, तेलुगू बोलणारा. बाप माडियात बोलायचा, व्यापारी तेलुगूत आणि थोडं मोडक्या हिंदीत. या दोघांमध्ये दुभाषी होते आमचे चिरंजीव. पोरगा नुसतं भाषांतर करून सांगत नव्हता, भांडत होता. व्यापाऱ्याचा अंगठा पारड्याच्या कडेला टेकला की याचं बोट लगेच तिकडे जायचं आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आजूबाजूच्या बाया हसत होत्या. एकदा तर त्याने पिशवी उचलून चालू पडल्याचं नाटक केलं, दहा पावलं गेला आणि व्यापाऱ्याने हाक मारल्यावरच वळला. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि क्षणात तो पुन्हा माझ्या वर्गातला झाला, मान खाली, ओठ मिटलेले.

सोमवारी शाळेत जाऊन मी ती नोंद खोडली आणि लिहिलं: ‘मराठीत अजून अबोल. माडियात हजरजबाबी, चौकस, व्यवहारचतुर.’ तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिल्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, असं कुठे असतं का? मी म्हणालो, बाजारात असतं. ते मनाने चांगले होते, सही करून गेले. पण मला त्या दिवशी एक गोष्ट कळली. ‘अबोल’ हा शब्द मी त्या मुलाचं वर्णन म्हणून लिहिला होता. खरं तर त्यात माझ्या कानाचं वर्णन होतं. आमच्या जिल्ह्यात कोरचीकडे छत्तीसगढी चालते, मुलचेऱ्याकडे बंगाली, सिरोंच्याला तेलुगू, आणि मधल्या सगळ्या जंगलात गोंडी-माडिया. इथे ‘अबोल’ लिहिताना ‘कोणत्या भाषेत’ हे शेपूट लावायला शिकलो तर निम्मी विशेषणं आपोआप नीट होतील.

नेमकं विशेषण म्हणजे अवघड विशेषण, असा एक गैरसमज आहे. निबंधाच्या वहीत मुलं ‘प्रेमळ’ खोडून ‘वात्सल्यसिंधू’ लिहितात ती याच समजुतीने. या संग्रहात संस्कृत घराण्यातले भारदस्त शब्द थोडे आहेत, आणि ते थोडेच बरे. नेमकेपणा जडपणात नसतो, दोन सख्ख्या शब्दांमधल्या फटीत असतो. बारीक माणसाचंच घ्या. शिडशिडीत म्हटलं की उंची आणि चपळाई दोन्ही आल्या. किडकिडीत म्हटलं की चपळाई गेली, काळजी आली. हडकुळा म्हटलं की हाडं दिसू लागली. रोडावलेला म्हणजे आधी असा नव्हता. आणि काटक म्हणजे दिसायला बारीक, पण मोहफुलांची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन दोन कोस जाणारा. आरोग्य शिबिरात वजनकाट्यावर या पाचांचा आकडा एकच येईल. डॉक्टरला मात्र पाचही जण वेगळे दिसले पाहिजेत.

तसंच न ऐकणाऱ्याचं. जिद्दी माणसाला काहीतरी मिळवायचं असतं. हट्टी माणसाला तेच हवं असतं. हेकट माणसाला काय हवं त्यापेक्षा दुसऱ्याचं काय नको ते पक्कं ठाऊक असतं. आडमुठ्याला कारणच नसतं, तो वाटेत आडवा पडलेला ओंडका. त्या म्हातारीने नवऱ्याला आडमुठा म्हटलं नव्हतं, हेकट म्हटलं होतं. पन्नास वर्षांच्या संसाराचं वजन करून तो शब्द आला होता.

हे शब्द मुळात कोणी टेबलाशी बसून घडवले नाहीत. ते हाताखालच्या वस्तूंवरून आले. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत सागवानाचे लठ्ठे रचलेले असतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेलं ते इथूनच. जाणता माणूस लठ्ठ्याच्या तोंडाशी वाकतो, बोटाने टिचकी मारतो, कान देतो आणि सांगतो: सरळ आहे, गाठाळ आहे, पोकळ आहे, ठिसूळ आहे, चिवट आहे. यातला एकेक शब्द उचला आणि ओळखीच्या माणसावर ठेवून पाहा. धानाचं चुरणं झाल्यावर उफणताना जे दाणे वाऱ्याबरोबर निघून जातात ते पोचट. माणूसही पोचट असतो, आणि तोही वाऱ्याबरोबरच जातो. स्वयंपाकघरातून तिखट, कडवट, पाणचट, मिळमिळीत आले. ओल्या शेवाळावरून पाय घसरला तेव्हा बुळबुळीत आला. मुलांना ही विशेषणं शिकवायची तर फळ्यावर लिहू नका, एकदा त्यांच्या हातात धानाची मूठ द्या.

मग प्रश्न येतो की इतके शब्द असून आपण दहा-बारा शब्दांवर का भागवतो? मला वाटतं, नेमका शब्द वापरायचा तर आधी थांबून पाहावं लागतं, आणि पाहिल्यावर त्याची जबाबदारी घ्यावी लागते. ‘चांगला माणूस आहे’ यात जबाबदारी काहीच नाही. सोयरीक जुळवताना हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. मुलीचा बाप चौकशीला येतो, गावातले दहा जण ‘पोरगा चांगला आहे जी’ म्हणून चहा पितात. अकरावा हळूच म्हणतो, ‘चांगला आहे, पर उडाऊ आहे.’ त्या एका ‘उडाऊ’वर एक जन्म इकडचा तिकडे होतो.

पाहण्याची गोष्ट निघाली म्हणून नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची आठवण. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग किंचित निराळा. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपलं, पुढच्या वर्षी वेगळं लावलं, पुन्हा निवडलं. त्यातून जो बारीक, चवीचा तांदूळ आला त्याला त्या काळी मनगटा-मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव मिळालं: एचएमटी. आज तो महाराष्ट्राबाहेरही खाल्ला जातो. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्यावर आलेले लेख पाहिले तर जवळपास प्रत्येकात त्यांच्या नावाआधी एक विशेषण आहे: अल्पशिक्षित. शाळा तिसरीपर्यंत झाली होती, हे खरंच. पण हजारो लोंब्यांमध्ये तीन निराळ्या ओळखणाऱ्या माणसाला पहिलं विशेषण शाळेच्या वर्गांवरून लावायचं? मराठीत त्याच्यासाठी शब्द नाहीत असं नाही. चौकस आहे, साक्षेपी आहे, चिकित्सक आहे, धीराचा आहे. मला विचाराल तर साक्षेपी. जुना शब्द आहे, वापरातून गेला आहे, पण मन लावून, न कंटाळता, बारकाव्याने काम तडीला नेणाऱ्याला दुसरा शब्द नाही. तो या संग्रहात आहे आणि त्याच्यापुढे उदाहरण म्हणून धानाची लोंबी आहे, याचा मला आनंद वाटला.

संग्रहात झाडीबोलीतले शब्द प्रमाण मराठीच्या बरोबरीने, त्याच टाइपात छापले आहेत. त्यावर संपादक मंडळात बरीच हमरीतुमरी झाली म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो: डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा. वऱ्हाडात त्याच काळ्याचा काया होतो, त्यामुळे वऱ्हाडी माणूस रंगाबद्दल बोलतोय की देहाबद्दल हे आम्हाला क्षणभर कळत नाही. आमच्या शिक्षकांची एक पिढी मुलांच्या तोंडचा ‘र’ पुसण्यात खर्ची पडली, मीही त्यातलाच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास आणि तिचा कोश उभा केला नसता तर कदाचित आजही आम्ही तिला अशुद्ध मराठीच म्हणत बसलो असतो. बोरकरांचं काम हाताशी होतं म्हणून हा संग्रह निघू शकला. भैताड, बयाड, चाबरा हे शब्द अर्थासकट इथे आहेत. तिन्ही शब्द एका खुर्चीत बसत नाहीत: भैताडाला कळत नाही, बयाडाचं डोकं फिरलेलं असतं, आणि चाबऱ्याला सगळं कळतं, म्हणूनच तो गप्प बसत नाही.

ही छटा पाहायची तर वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांचं नाटक पाहावं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांच्या आणि शंकरपटाच्या म्हणजे बैलशर्यतींच्या दिवसांत रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत विनोदी पात्र रंगमंचावर आलं की पहिल्या वाक्यात गावाला कळतं हा भैताड की चाबरा. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे जो तो एकमेकाला त्यांच्या पात्रांच्या लकबी करून दाखवत होता.

गोंडी आणि माडियातले शब्द मात्र घेतलेले नाहीत. ते त्या भाषेत जन्मलेल्या शिक्षकांनी गोळा करावेत, अर्धवट कानाने ऐकलेलं आपण छापू नये, असं ठरलं. बाजारातला माझा अनुभव पाहता मी या निर्णयाच्या बाजूने आहे.

काही शब्दांवरून मी संपादकांशी भांडलो आहे, तेही सांगायला हवं. माणसाच्या व्यंगावरून आलेले शब्द गाळावेत की ठेवावेत, हा एक वाद. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली जी संस्था काढली तिचं नाव महारोगी सेवा समिती. त्या काळी तोच शब्द होता. पुढे कुष्ठरोगी आला, मग कुष्ठरुग्ण, मग कुष्ठमुक्त. शब्दाबरोबर बघणाऱ्याची मान कशी फिरली ते या चार पायऱ्यांत दिसतं. म्हणून जुने शब्द ठेवा, पण ‘आता वापरू नये’ अशी खूण करा, असं माझं म्हणणं होतं आणि ते मान्य झालं.

दुसरा वाद बायकांच्या विशेषणांचा. कजाग, उंडगी, अवदसा, चवचाल. संग्रहात ही रांग केवढी लांब झाली ते पाहून शिक्षिकांनीच आक्षेप घेतला. कजाग पुरुष कोणी ऐकलाय? माझं लक्ष मात्र एका स्तुतीच्या शब्दाकडे गेलं: सोशिक. निधनवार्तेत पुरुष मनमिळाऊ असतो तशी बाई सोशिक असते. या शब्दाचा अर्थ ‘सहन करणारी’ असा दिला होता. मी सुचवलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून ‘काय?’ असं लिहा. दारू, मार, उपास, सासू, की यातलं सगळंच? ते छापलं गेलं नाही. प्रस्तावनेत लिहायला मला कोणी अडवलेलं नाही.

दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाशी किंवा मोल्सवर्थशी या पुस्तकाची तुलना करू नये. १८३१ साली मोल्सवर्थने बोलणाऱ्यांच्या तोंडचे शब्द मोठ्या कष्टाने टिपले होते, त्यातले कितीतरी आज आपल्याला त्याच्याच कोशात शोधावे लागतात. इथे शब्द काही शेकड्यांतच आहेत, आणि प्रत्येकापुढे एक माणूस आहे: नाव नसलेला, पण गावात ओळखू येणारा. काही उदाहरणं फसली आहेत. ‘लाघवी’चं उदाहरण लबाडाचं झालंय, पुढच्या आवृत्तीत ते बदलावं.

एक शब्द शेवटपर्यंत सापडला नाही. गावात मयत झाली की न बोलावता पहिला येणारा एक माणूस असतो. तो बांबू तोडून आणतो, तिरडी बांधतो, लाकडं रचतो, नदीवरून परत येताना सर्वांच्या मागे चालतो. तेराव्याला जेवायला मात्र येत नाही. बोलावणं गेलं तर ‘आज शेतावर काम आहे’ म्हणतो. प्रत्येक गावात असा एक आहे, यावर सगळ्या शिक्षकांचं एकमत झालं. परोपकारी त्याच्यासाठी फार मोठा, मदतगार फार हलका, आणि अबोल तर तो नाहीच, चावडीवर तासन्‌तास गप्पा मारतो. बैठकीत तीन वेळा चर्चा झाली. कोणी म्हाताऱ्यांना विचारून आलं, कोणी कोश चाळून आलं. अखेर संपादकांनी वर्णन छापलं आहे आणि शब्दाच्या जागी ओळ कोरी सोडली आहे.